एरिथ्रोमायसिनमागचे डॉक्टर अगिलार

नवजात बाळाच्या पोटाचे ऑपरेशन झाले, पण आतडी हलत नाहीत, दूध पचत नाही. यवतमाळहून नागपूरला हलवलेल्या अशा बाळाच्या कागदांवर एरिथ्रोमायसिन दिसले, की तुम्ही विचारता, जंतुसंसर्ग नसताना अँटिबायोटिक कशाला?

त्यासाठी आधी डॉ. अबेलार्दो अगिलार यांची ओळख करून घ्या. फिलिपाइन्समधले हे डॉक्टर एका अमेरिकी औषध कंपनीसाठी काम करत. १९४९ मध्ये त्यांनी इलोइलो भागातली माती कंपनीला पाठवली. तिच्यातल्या जिवाणूपासून एरिथ्रोमायसिन मिळाले आणि १९५२ मध्ये ते बाजारात आले. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना मोठा आधार झाला. औषधाच्या ब्रँडला इलोइलोवरून नाव मिळाले. अगिलार यांना रॉयल्टी मात्र मिळाली नाही. १९९३ मध्ये ते वारले.

या औषधाने पोटात कळा येतात, ही तक्रार जुनीच. कारण १९८० च्या दशकात उलगडले: आतडी हलवणाऱ्या मोटिलिन या संप्रेरकासारखे ते काम करते. म्हणून ते बाळांना देऊन पाहिले गेले. पण आतडी पोटाबाहेर घेऊन जन्मलेल्या बाळांवरील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत पूर्ण दूध लवकर सुरू झाले नाही. म्हणून ते सरसकट देऊ नये, असे माझे मत. आधी आतड्यात अडथळा नाही ना, हे सर्जनने पाहिलेले असावे.

पहिल्या दोन आठवड्यांत दिल्यास जठराचे तोंड अरुंद होण्याचा धोका वाढतो. घरी आल्यावर बाळाला कारंज्यासारखी उलटी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. उलटी हिरवी असेल, तर रात्रीसुद्धा थांबू नका.