सरस्वतीदेवी : नाव बदलावं लागलं, चाली मात्र राहिल्या

केडगाव (अहिल्यानगर) : किशोरकुमारचं ‘झुमरू’मधलं ‘कोई हमदम’ आजही कित्येकांच्या मोबाईलमध्ये वाजतं. 1961 च्या त्या सिनेमाला संगीतकार म्हणून नाव किशोरकुमारचंच. पण या गाण्याची मूळ चाल त्याच्या 25 वर्षं आधीची आणि ती बांधली होती एका बाईने. हिंदी सिनेमातल्या पहिल्या काही महिला संगीतकारांपैकी एक, सरस्वतीदेवी.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. 1912 साली पारशी घरात जन्मलेल्या या मुलीचं नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. गाण्याचं शिक्षण थेट पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे झालं. पुढे बहिणींसोबत त्या मुंबई रेडिओवर गाऊ-वाजवू लागल्या, तेव्हा बॉम्बे टॉकीजच्या हिमांशू राय यांनी त्यांना सिनेमात बोलावलं.

इथूनच वाद पेटला. चांगल्या घरच्या मुली सिनेमात जातात म्हणजे काय! 1935 चा ‘जवानी की हवा’ आला आणि पारशी समाजातून जोरदार विरोध झाला, निदर्शनं झाली. शेवटी हिमांशू राय यांनी तोड काढली. खुर्शीद झाल्या सरस्वतीदेवी, बहीण माणेक झाली चंद्रप्रभा. काम टिकलं, पण आईबापांनी ठेवलेलं नाव पडद्यावर आलंच नाही.

पुढचं वर्ष 1936. ‘जीवन नैया’मध्ये अशोककुमारने ‘कोई हमदम’ पहिल्यांदा गायलं. त्याच वर्षी ‘अछूत कन्या’ आला. रेल्वे फाटकवाल्याची दलित मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांच्या प्रेमाची ही गोष्ट. तेव्हा नट-नट्यांना स्वतःच गावं लागे. अशोककुमार काय नि देविका राणी काय, दोघंही तालमीतले गवई नव्हते. आता भातखंड्यांच्या शिष्येने काय करावं? त्यांनी दोघांच्या गळ्याला झेपतील अशा सोप्या चाली बांधल्या आणि घोकून घोकून बसवून घेतल्या. ‘बन की चिड़िया’ देशभर गाजलं ते त्यामुळेच. अवघड चाल बांधण्यापेक्षा हे काम जास्त अवघड म्हणायला हवं.

‘झूला’ (1941) नंतर त्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडल्या. सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’लाही (1943) त्यांचं संगीत होतं. मग काम आटत गेलं. त्या गाणं शिकवू लागल्या.

म्हातारपणी बसमधून पडून हाड मोडलं, तेव्हा धावले ते शेजारी. 1980 साली त्या गेल्या.