खराट्याचा वारसा आणि पावसाळ्यातील पाणी

गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असे घर वऱ्हाडात सापडावयाचे नाही. अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. ग्रामस्वच्छतेच्या सरकारी अभियानालाही तेच नाव देण्यात आले. परंतु पहिला मोठा पाऊस कोसळून गटारे तुंबली आणि मैला रस्त्यावर आला, की नाव घेणे आणि काम पुढे नेणे यांतील अंतर उघडे पडते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने बालपण मूर्तिजापूरजवळील दापुऱ्यास, मामाच्या घरी गुरे राखण्यात व शेतीत गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार उरला.

त्यांच्या कार्याचा क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. गावात शिरताच ते प्रथम रस्ते व गटारे साफ करीत. कीर्तन रात्री होई. घाण दूर झाल्याखेरीज उपदेशाला अधिकार नाही, अशी जणू त्यांची धारणा होती. पूर्णाकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधविला. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांनी दिलेला पैसा लोकांसाठीच वेचला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीपाशी त्यांचे देहावसान झाले.

या चरित्राचा आजच्या पाण्याशी संबंध काय? तो अगदी निकटचा आहे. उन्हाळाभर गटारांत साचलेला मैला पहिल्या पुरात उसळून नाल्यांत, नाल्यांतून नदीत आणि खोलगट भागांतील विहिरींत उतरतो. बडनेऱ्याला अमरावतीबरोबर ऊर्ध्व वर्धा धरणाचे शुद्ध केलेले पाणी मिळते. पण पाणी मुळाशी शुद्ध असून भागत नाही. पुरवठ्याच्या वेळा संपल्या की रिकामी पडलेली नळवाहिनी फुटक्या सांध्यांतून भोवतालचे सांडपाणी आत ओढून घेऊ शकते. पाणी स्वच्छ दिसते. पोटात रोग घेऊन येते.

ही भीती काल्पनिक नव्हे. जुलै २०२२ मध्ये याच जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीच्या दूषित पाण्याने पटकी पसरली आणि माणसे दगावली. विजेच्या थकबाकीमुळे नळाचे पाणी बंद झाल्याने लोकांना त्या विहिरीकडे वळावे लागले होते.

उपाय कोणापासून लपलेले नाहीत. गटारांतील गाळ पावसापूर्वी काढून तो काठावर न ठेवता उचलून न्यावा. सांडपाण्याची व पिण्याच्या पाण्याची वाहिनी एकमेकींपासून दूर ठेवावी. गळके सांधे बदलावेत. विहिरींत नियमाने विरंजक चूर्ण टाकून पाण्याची तपासणी करावी. आणि गावाचे पाणी वसुलीचे हत्यार होऊ देऊ नये. नागरिकांनीही गटारात केरकचरा लोटण्याची सवय सोडली पाहिजे.

महापालिका असो वा ग्रामपंचायत, बाबांच्या पुण्यतिथीस डिसेंबरात हातात झाडू धरणे सोपे आहे. तो मे महिन्यात, गटाराच्या काठी धरला जातो काय, यावरच आपल्या श्रद्धेची परीक्षा व्हावयाची आहे.