सर्पगंधा आणि मुंबईचे डॉक्टर वकील

मैत्रिणींनो, बीपीची गोळी आज घरोघरी आहे. आमच्याकडेही आईची डबी फ्रिजवर ठेवलेली असते. पण जुना काळ आठवून पाहा. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचं बीपी भयंकर वाढलेलं होतं, आणि जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांकडेही विश्रांती अन् बिनमिठाचं जेवण यापलीकडे फारसं काही नव्हतं.

त्याच सुमारास मुंबईत एक पारशी डॉक्टर या दुखण्याशी झुंजत होते. नाव रुस्तम जाल वकील. आडनाव वकील, पेशा डॉक्टरकीचा! जन्म १९११ चा. लंडनला शिकले, पण परत येऊन मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले.

त्यांनी हाती घेतली आपल्या रानातली सर्पगंधा. बिहारकडे हिला वेड्यांचं औषध म्हणत. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोन डॉक्टरांनी १९३१ मध्येच तिचा बीपीवरचा गुण लिहून ठेवला होता, पण जगानं लक्ष दिलं नाही. वकिलांनी मुळीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा बीपी मोजलं, सगळ्या नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये ५० रुग्णांचा अनुभव त्यांनी इंग्लंडच्या हृदयरोगावरच्या मासिकात छापला, आणि जग जागं झालं. बोस्टनच्या डॉक्टरांनी औषध वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले.

मला त्यांचं मोठेपण कशात वाटतं सांगू? आजीबाईच्या बटव्याला त्यांनी नावं ठेवली नाहीत, अन् डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. मोजून पाहिलं. हे मोजणं किती गरजेचं होतं, ते पुढे कळलं. रिसर्पिननं नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काहींचं मन पार उदास व्हायचं. त्याहून बऱ्या गोळ्या आल्या, तसं ते मागे पडलं. इकडे मुळ्यांसाठी उपटून उपटून रानातली सर्पगंधाही दुर्मीळ झाली.

आमच्या वर्ध्याकडे बायका सहज म्हणतात, झाडपाल्याचं औषध आहे नं, त्यानं काय होते? होते बाई! जे गुण करतं, ते अपायही करू शकतं. म्हणून कुणी मुळी दिली तर बीपीची चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नका. मुळी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि बीपी मोजत राहा.