डॉक्टर अल्झायमर

साठी बुद्धी नाठी, असे म्हणून आपल्या कर्जत-खालापुराकडे म्हाताऱ्या माणसाचा विसर हसण्यावारी नेतात. सुना तर म्हणतात, सासूबाई मुद्दाम करतात! भगिनींनो, असा विसर मेंदूच्या रोगानेही येतो हे ज्यांनी दाखविले, त्या डॉ. अलॉईस अल्झायमर यांची ही हकिगत मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म जर्मनीत १८६४ सालचा. फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात ते डॉक्टर होते. १९०१ साली त्यांची पत्नी वारली. पदरी तीन लहान मुले. त्याच वर्षी ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची गृहिणी तेथे आली. नवऱ्यावर संशय घेई, स्वतःचे नावही तिला धड लिहिता येईना. डॉक्टर तिची विचारपूस करून सारे टिपून ठेवीत. पुढे ते म्युनिकला गेले, तरी तिला विसरले नाहीत. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू मागवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो आकसला होता, पेशींबाहेर गुठळ्या होत्या, आणि पेशींत धाग्यांचा गुंता, आपण विंचरल्यावर निघते त्या गुंतवळासारखा. विद्वानांच्या सभेत त्यांनी हे सांगितले, पण कोणी एक प्रश्नही विचारला नाही! १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी रोगास त्यांचे नाव दिले. १९१५ साली, वयाच्या ५१व्या वर्षीच, ते वारले.

त्यांना रोगी मरेपर्यंत थांबावे लागले. आता एम.आर.आय.च्या चित्रात आकसलेला मेंदू जिवंतपणीच दिसतो. २००४ साली तर पेट नावाच्या तपासणीत त्या गुठळ्याही दिसल्याचे प्रसिद्ध झाले. रोग समूळ घालविणारे औषध मात्र अद्याप निघालेले नाही.