पदक देशाचे, वर्गणी गावाची
कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांना १९५२ मध्ये मद्रासच्या, आजच्या चेन्नईच्या, निवड स्पर्धेत पक्षपाताने एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांनी दाद घेतली आणि फेरलढतीत खाशाबांनी हेलसिंकी ऑलिंपिकमधील जागा मिळवली. प्रश्न उरला खर्चाचा. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे मागितलेले ४,००० रुपये मिळाले नाहीत. ग्रामस्थांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. या लोकाश्रयावर स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, लाभले. पुढे पोलीस खात्यात नोकरी मिळाली, तीही १९५५ मध्ये. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती सभागृहाला नाव २०१० मध्ये.