ताता वास्को : गावे उभारणारे बिशप

मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतात पुरेपेचा आदिवासी समाज आपल्या पहिल्या बिशपांना आजही 'ताता वास्को' म्हणतो. त्यांच्या भाषेत ताता म्हणजे वडील. आपल्या मराठीतील 'तात' या शब्दाची येथे सहज आठवण होते. बिशप वास्को दे किरोगा यांच्या निधनाला साडेचारशेहून अधिक वर्षे झाली, तरी हे नाते तुटलेले नाही.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमधील माद्रिगाल येथे त्यांचा जन्म झाला. ते धर्मगुरू नव्हते, कायदेपंडित होते. १५३१ साली ते मेक्सिकोच्या उच्च न्यायमंडळाचे न्यायाधीश म्हणून तेथे पोहोचले. तेथील दृश्य विदारक होते. आदल्याच वर्षी नूनो दे गुझमान या स्पॅनिश अधिकाऱ्याने पुरेपेचांच्या अखेरच्या राजाला ठार केले होते. भयभीत लोक गावे सोडून डोंगरात पळाले होते. अनेकांना गुलाम करून खाणींत राबविले जात होते.

केवळ न्यायनिवाडे करून उद्ध्वस्त समाज उभा राहणार नाही, हे किरोगा यांनी ओळखले. १५३२ मध्ये स्वतःच्या वेतनातून जमीन घेऊन त्यांनी मेक्सिको शहराजवळ 'सांता फे', म्हणजे पवित्र श्रद्धा, हे गाव वसविले. पुढील वर्षी ते मिचोआकानला गेले आणि पात्स्कुआरो सरोवराच्या काठी त्याच नावाचे दुसरे गाव वसविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. संत थॉमस मूर यांच्या 'युटोपिया' या ग्रंथातील आदर्श समाजाची कल्पना त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

या गावांची घडी त्यांनी विचारपूर्वक बसविली. गावाचा पाया होता एकत्र कुटुंब. दहा-बारा विवाहित जोडपी एका मोठ्या घरात राहत व ज्येष्ठ पुरुष त्यांचा प्रमुख असे. जमीन सर्वांची, ती विकण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. दिवसाचे काम सहा तासांचे. पीक प्रत्येकाच्या गरजेनुसार वाटले जाई आणि उरलेले धान्य आजारी, विधवा व अनाथ यांच्यासाठी राखले जाई. दुष्काळाचा विचार करून गरजेच्या दुप्पट पेरणी करावी, असा नियम होता. मुले धर्मशिक्षणाबरोबर शेतीही शिकत, तर मुली सूतकताई व विणकाम शिकत.

गावप्रमुख वरून लादला जात नसे. गावाचे चार भाग केले जात, प्रत्येक भाग एक नाव सुचवी आणि कुटुंबप्रमुख गुप्त मतदानाने त्यांतून एकाची निवड करीत. भांडणे न्यायालयात न नेता गावातच सामोपचाराने मिटवावीत, असा नियम एका न्यायाधीशानेच घालून दिला, हे विशेष!

१५३५ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध राजदरबारी सविस्तर निवेदन पाठविले. जहागीरदारांचा विरोध त्यांना अखेरपर्यंत सहन करावा लागला. १५३८ मध्ये, उतारवयात, त्यांनी मिचोआकानच्या बिशपपदाची सूत्रे स्वीकारली. १५४० साली पात्स्कुआरो येथे सान निकोलास विद्यालय स्थापन केले. गावोगावी रुग्णसेवेची व पांथस्थांच्या निवाऱ्याची सोय व्हावी म्हणून ते झटले. प्रत्येक गावाने एकेक हस्तकला जोपासावी ही प्रथा त्यांनीच घातली, असे तेथील परंपरा सांगते.

त्यांच्या कार्याला काळाच्या मर्यादा होत्या. स्पेनच्या राजसत्तेला त्यांनी आव्हान दिले नाही आणि गावांचा सर्वोच्च अधिकार स्पॅनिश धर्मगुरूकडेच राहिला. तथापि, ज्यांना इतरांनी केवळ मजूर मानले, त्यांच्या हाती त्यांनी जमीन आणि मताचा अधिकार दिला.

मार्च १५६५ मध्ये ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांचे अवशेष पात्स्कुआरोच्या बॅसिलिकेत आहेत. डिसेंबर २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली.

आपल्या धर्मग्रामांतही लहान ख्रिस्ती समूह आहेत. तेथे आपण प्रार्थनेसाठी जमतो. परंतु शेजाऱ्याच्या घरी धान्य आहे का, आजाऱ्याची विचारपूस कोण करतो, दोन भावांचा बांधावरचा तंटा कोण मिटवतो, हे प्रश्न त्या बैठकीत येतात का? ताता वास्को यांच्या गावांत प्रार्थना आणि हे प्रश्न वेगळे नव्हते.