व्हायोलिनचे आचार्य : ज्युसेप्पे तार्तिनी

एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी पिरान नावाचे एक लहानसे बंदर आहे. आज ते स्लोव्हेनिया देशात मोडते. परंतु तीनशे वर्षांपूर्वी त्यावर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सत्ता होती. गावाच्या आसपास विस्तीर्ण मिठागरे पसरलेली होती. या गावी ८ एप्रिल १६९२ रोजी ज्युसेप्पे तार्तिनी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मूळचे फ्लॉरेन्सचे. मिठागरांच्या कारभारावर ते अधिकारी होते. आई पिरानमधीलच एका जुन्या घराण्यातील होती. घरी कशाची उणीव नव्हती. आपल्या मुलाने संत फ्रान्सिसच्या पंथाची दीक्षा घ्यावी व धर्मसेवेत आयुष्य घालवावे, अशी आईवडिलांची इच्छा होती.

मुलाचे मन मात्र मठात रमणारे नव्हते. शालेय शिक्षण संपल्यावर तो कायद्याच्या अभ्यासासाठी पादुआच्या प्रसिद्ध विद्यापीठात दाखल झाला. तेथेही कायद्याच्या ग्रंथांपेक्षा तलवारीच्या खेळात त्याचे चित्त अधिक गुंतले. तलवारबहादूर विद्यार्थी म्हणून त्याचा लौकिक पसरला. व्हायोलिन तो वाजवीत असे. परंतु हेच वाद्य पुढे आपले जीवन व्यापून टाकील, याची त्याला तेव्हा कल्पनाही नसावी.

१७१० साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, तार्तिनींनी एलिझाबेत्ता प्रेमाझोरे नावाच्या तरुणीशी विवाह केला. हा विवाह कोणालाच रुचला नाही. पादुआचे बिशप कार्डिनल कोर्नारो यांचा तर त्यांच्यावर विशेष रोष झाला. कार्डिनलांची सत्ता मोठी होती. पकडले जाण्याच्या भीतीने तार्तिनींना पत्नीस मागे ठेवून पादुआ सोडावे लागले. वणवण करीत ते असिसी येथे पोहोचले आणि संत फ्रान्सिसच्या मठात त्यांना आसरा मिळाला. ज्या पंथाची वस्त्रे अंगावर घेण्यास त्यांनी नकार दिला होता, त्याच पंथाने संकटकाळी त्यांच्या डोक्यावर छप्पर धरले.

मठातील त्या शांत दिवसांत तार्तिनींच्या सोबतीला त्यांचे व्हायोलिन होते. आता ते वाद्य करमणुकीचे साधन राहिले नाही. ते तासन्‌तास त्याचा अभ्यास करू लागले.

व्हायोलिन हे वाद्य दिसावयास लहान, परंतु साधावयास अतिशय अवघड. सतारीवर असतात तसे पडदे त्याच्या पट्टीवर नसतात. बोट केसभर इकडेतिकडे सरकले तरी स्वर बेसूर होतो. व्हिओला हे त्याचेच थोरले भावंड. आकाराने थोडे मोठे आणि आवाजाने अधिक खर्जातील. दोन्ही वाद्यांचा प्राण गजात असतो. गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसविलेली एक काठी. डावा हात स्वर शोधतो, पण त्या स्वरात जीव ओततो तो गज धरणारा उजवा हात. गवयाच्या गाण्यात श्वासाचे जे स्थान, तेच या वाद्यांत गजाचे.

पुढे तार्तिनी आन्कोना या शहरी गेले व तेथील नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. १७१४ साली त्यांना एक आश्चर्यकारक अनुभव आला. व्हायोलिनच्या दोन तारा एकदम छेडून दोन स्वर जोराने वाजविले असता, त्यांच्याबरोबर एक तिसराच खालचा स्वर त्यांच्या कानी पडला. तो कोणीही वाजवीत नव्हते. आज विज्ञानाने या स्वराचे स्वरूप उलगडले आहे. एका स्वराची कंपने सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ६६० असतील, तर त्या दोहोंच्या वजाबाकीइतका, म्हणजे २२० कंपनांचा, स्वर ऐकू येतो. तो मुख्यतः ऐकणाऱ्याच्या कानातच उत्पन्न होतो. तार्तिनींनी या शोधाचा उपयोग शिकविण्यासाठी केला. दोन तारांवरील स्वर अचूक जुळले तरच हा तिसरा स्वर स्पष्ट उमटतो. म्हणून तो ऐकू आला नाही, तर आपली बोटे चुकली आहेत असे समजावे, असे ते शिष्यांना सांगत. अशा रीतीने शिष्याचा कान हाच त्याचा परीक्षक झाला. संगीतावरील त्यांचा ग्रंथ १७५४ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी या स्वराचा गणिताच्या आधारे विचार केला आहे.

१७१५ च्या सुमारास कार्डिनलांचा राग निवळला आणि पतिपत्नींची पुन्हा भेट झाली. आता सुखाचे दिवस आले, असे वाटत असतानाच एक निराळी घटना घडली. १७१६ साली व्हेनिस येथे फ्रांचेस्को वेराचिनी नावाच्या व्हायोलिनवादकाचे वादन तार्तिनींनी ऐकले. वेराचिनी यांचा गजावरील ताबा विलक्षण होता. तार्तिनींचे वय त्या वेळी चोवीस वर्षांचे होते आणि वादक म्हणून त्यांना नाव मिळू लागले होते. दुसरा एखादा तरुण मत्सराने पेटला असता किंवा निराश होऊन वाद्य टाकून बसला असता. तार्तिनींनी यांपैकी काहीच केले नाही. आपणास गज चालविता येत नाही, हे त्यांनी स्वतःशी स्पष्टपणे मान्य केले. पत्नीस पिरान येथे आपल्या भावाच्या घरी ठेवून ते आन्कोनास परतले आणि जगापासून दूर राहून गजाचा अभ्यास अगदी पहिल्या धड्यापासून करू लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

या तपश्चर्येचे फळ लवकरच मिळाले. १७२१ साली पादुआ येथील संत अँथनीच्या भव्य मंदिरात वाद्यवृंदाचे प्रमुख वादक म्हणून त्यांची नेमणूक झाली. या जागेसाठी उमेदवाराची परीक्षा घेण्याची प्रथा होती. परंतु तार्तिनींची योग्यता सर्वश्रुत असल्याने त्यांना त्या परीक्षेतून सूट देण्यात आली. ज्या नगरातून त्यांना लपतछपत पळावे लागले होते, त्याच नगराने त्यांना सन्मानाने बोलावून घेतले. १७२३ मध्ये ते प्राग येथे राज्याभिषेकाच्या सोहळ्यासाठी गेले व तीन वर्षे तेथे राहिले. परंतु तेथील हवा त्यांच्या प्रकृतीस मानवली नाही. १७२६ साली ते पादुआस परतले. त्यानंतर पॅरिस व लंडन येथून त्यांना बोलावणी आली. तेथे गेले असते तर विपुल धन मिळाले असते. तार्तिनींनी ती सर्व नाकारली. त्यांच्या मनात आता एक निराळेच कार्य आकार घेत होते.

१७२८ च्या सुमारास तार्तिनींनी पादुआ येथे व्हायोलिनची शाळा सुरू केली. या शाळेला मोठी इमारत नव्हती, की विद्यार्थ्यांचे वर्ग नव्हते. गुरू एका वेळी एका शिष्यास समोर घेऊन शिकवीत. कोणी बारा वर्षांचा मुलगा असे, तर कोणी राजदरबारी नोकरी करणारा प्रौढ वादक असे. प्रत्येकाचा हात निराळा, कान निराळा, म्हणून प्रत्येकाचा धडाही निराळा. वादनाबरोबरच ते स्वररचनेचे शास्त्रही शिकवीत. इटलीच्या निरनिराळ्या प्रांतांतून, तसेच जर्मनी, फ्रान्स इत्यादी देशांतून शिष्य येऊ लागले. त्यामुळे लोक या शाळेला राष्ट्रांची शाळा म्हणू लागले.

लिव्होर्नोचा पिएत्रो नार्दिनी हा मुलगा बाराव्या वर्षी तार्तिनींकडे आला व पुढे युरोपातील नामांकित वादक झाला. ड्रेस्डेनजवळच्या खेड्यातील योहान नाउमान हा तरुण अत्यंत गरीब होता. त्यालाही तार्तिनींनी आपल्या पदराखाली घेतले. कालांतराने तो ड्रेस्डेनच्या राजदरबाराचा संगीतप्रमुख झाला. ज्याला शुल्क देणे शक्य नसे, त्याला तार्तिनी विनामूल्य शिकवीत. गरीब कुटुंबांना व अनाथ मुलांनाही ते आपल्या मिळकतीतून साहाय्य करीत. स्वतःची राहणी मात्र त्यांनी साधीच ठेवली.

तार्तिनींच्या शिष्यांत एका मुलीची कथा विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्हेनिस नगरात त्या काळी निराधार व गरीब मुलींसाठी चार मोठ्या संस्था होत्या. तेथे मुलींना संगीताचे उत्तम शिक्षण मिळे. त्या मंदिरात जाळीच्या आड बसून वादन करीत. लोकांना सूर ऐकू येत, पण वाजविणाऱ्या मुलींचे चेहरे दिसत नसत. मेंदिकान्ती नावाच्या अशाच एका संस्थेत माद्दालेना लोम्बार्दिनी ही मुलगी सात वर्षांची असताना दाखल झाली होती. तिचे व्हायोलिनवादन तार्तिनींच्या कानी आले. परंतु संस्थेचे नियम कडक होते. मुलींना मनास येईल तेव्हा बाहेर पडता येत नसे. पादुआ व व्हेनिस ही शहरे एकमेकांपासून फार दूर नाहीत. तरी गुरू व शिष्या यांच्यामध्ये संस्थेची भिंत उभी होती.

तार्तिनींनी तिला शिकविण्याचे वचन दिले होते. ५ मार्च १७६० रोजी त्यांनी माद्दालेनास एक पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे व्हायोलिनचा एक संपूर्ण धडाच होता. त्या वेळी गुरूंचे वय सदुसष्ट वर्षांचे आणि शिष्येचे जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे होते.

पत्राच्या आरंभी त्यांनी गजाचा विचार केला. गज तारेवर आपटू नये. तो तारेला अशा हळुवारपणे लागावा, की स्वराचा आरंभ श्वासासारखा वाटावा. मग हळूहळू दाब वाढवीत न्यावा, स्वर पूर्ण भरदार करावा आणि त्याच क्रमाने पुन्हा बारीक करीत आणावा. हा अभ्यास मोकळ्या तारेवर रोज एक तास करावा. थोडा सकाळी आणि थोडा सायंकाळी. वरवर पाहता यात बोटांचे काही काम नाही, सुंदर चीज नाही, वाहवा मिळण्याजोगेही काही नाही. परंतु हा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कठीण आहे, असे त्यांनी तिला बजावले. त्यानंतर त्यांनी जलद स्वर सुटेसुटे व स्वच्छ वाजविण्याची रीत सांगितली. प्रथम गजाच्या टोकाने व मग मध्यभागाने सराव करावा, आरंभ कधी वरच्या तर कधी खालच्या ओढीने करावा, असे बारकावे त्यांनी समजावून दिले. हात पट्टीवर वर सरकवून वाजविण्याचा अभ्यास कसा करावा, हेही लिहिले. शेवटी त्यांनी ट्रिलचा धडा दिला. दोन लगतचे स्वर भराभर आलटूनपालटून वाजविणे म्हणजे ट्रिल. ती आधी संथ, मग मध्यम आणि मग वेगाने घ्यावी. एकदम वेगाच्या मागे लागू नये, असा त्या धड्याचा आशय होता.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. तार्तिनींनी स्वतः रचलेल्या एका सोनाटात अशी अवघड ट्रिल आहे, की आजही भल्याभल्या वादकांची त्यात कसोटी लागते. स्वप्नात सैतान व्हायोलिन वाजवीत असल्याचे त्यांनी पाहिले व जागे झाल्यावर ते संगीत लिहून काढण्याचा यत्न केला, असे त्यांनी लालांद या फ्रेंच विद्वानास सांगितले होते. स्वप्नातील संगीताची सर आपल्या रचनेस आली नाही, ही खंत त्यांच्या मनात होती. असा हा थोर कलावंत एका पोरसवदा मुलीला मात्र संथपणे, एकेका पायरीने वर चढावयास शिकवीत होता.

संस्थेने पुढे माद्दालेनास पादुआ येथे जाऊन तार्तिनींकडे प्रत्यक्ष शिकण्याची अनुमती दिली. १७६७ साली तिचा विवाह लोदोव्हिको सिरमेन या व्हायोलिनवादकाशी झाला. १७६८ मध्ये पॅरिसच्या आणि त्यानंतर लंडनच्या श्रोत्यांसमोर ती उभी राहिली. ज्या मुलीचे वादन जाळीआडून ऐकू येत असे, ती आता भरल्या सभागृहात सर्वांदेखत वाजवू लागली. तिने स्वतः रचलेले संगीतही छापले गेले आणि दूरदूरच्या नगरांत वाजविले गेले.

तार्तिनींनी १७६५ साली मंदिरातील सेवेतून निवृत्ती घेतली. १७६९ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांची स्वतःची प्रकृतीही खालावत चालली होती. हे वृत्त समजताच नार्दिनी धावून आले आणि त्यांनी वृद्ध गुरूंची पुत्राप्रमाणे शुश्रूषा केली. २६ फेब्रुवारी १७७० रोजी पादुआ येथे तार्तिनींची जीवनयात्रा संपली. संत कॅथरीनच्या मंदिरात पत्नीशेजारी त्यांना चिरविश्रांती लाभली. माद्दालेनास लिहिलेले पत्र त्याच वर्षी व्हेनिस येथे छापले गेले. पुढल्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले.

पिरान गावच्या चौकास आज तार्तिनींचे नाव आहे. १८९६ पासून तेथे त्यांचा पुतळा उभा असून जवळच त्यांचे जन्मघर आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक निराळे आहे. एका मुलीसाठी लिहिलेला तो धडा अडीचशे वर्षांहून अधिक काळ व्हायोलिन व व्हिओला शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडत आला आहे. कोठेतरी एखादा विद्यार्थी सकाळच्या प्रहरी मोकळ्या तारेवर गज टेकवितो, स्वर हळूहळू मोठा करतो आणि पुन्हा बारीक करीत नेतो. घरातल्यांना तो सूर कंटाळवाणा वाटत असेल. परंतु चोविसाव्या वर्षी आन्कोनास परतलेल्या तार्तिनींनीही पहिल्या धड्यापासूनच आरंभ केला होता.